कोकणातले ‘जिवंतांचे घर’

दिवाळीच्या अंकात दफनभूमीचा विषय काढला म्हणून घरातील वडील मंडळी कपाळाला आठ्या घालतील, याची मला कल्पना आहे. सणासुदीला अभद्र बोलू नये, ही आपली जुनी शिकवण. परंतु धनत्रयोदशीच्या संध्याकाळी दक्षिणेकडे तोंड करून यमराजासाठी कणकेचा दिवा लावणारी माणसेही आपणच. शिवाय ज्या समाजाविषयी मी लिहिणार आहे, त्याच्या धर्मभाषेत दफनभूमीला ‘बेथ हायिम’ म्हणतात. अर्थ, ‘जिवंतांचे घर’. पुणेकरांनी आपल्या स्मशानाला ‘वैकुंठ’ म्हटले, तसाच हा प्रकार. तेव्हा वाचकांनी मनात किंतु न आणता माझ्याबरोबर थोडे कोकणात यावे.

माझा व्यवसाय मराठी शिकवण्याचा. प्राचीन मराठीचा तास आला की आक्षीच्या शिलालेखाचे नाव घ्यावेच लागते. अलिबागजवळच्या आक्षी गावातील हा लेख शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२ चा असा वाचला गेला असून मराठीच्या आद्य शिलालेखांत त्याची गणना होते. विद्यार्थ्यांना घेऊन तो दगड दाखवायला जायचे, हा माझा काही वर्षांचा परिपाठ. त्या फेऱ्यांमध्येच ध्यानात आले की, आक्षीपासून चार-पाच कोसांच्या आत मराठी अक्षरे कोरलेले आणखी पुष्कळ दगड आहेत. कोणी उभे, कोणी कललेले, कोणी गवतात आडवे झालेले. त्यांची दखल मात्र कोणत्याही पाठ्यपुस्तकाने घेतलेली नाही. हे दगड आहेत बेने इस्रायलांच्या कबरींचे.

शनवार तेली

बेने इस्रायल म्हणजे इस्रायलची लेकरे. आपल्या कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. त्यांची परंपरा अशी सांगते की, फार प्राचीन काळी त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागच्या उत्तरेस नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटले. (अलिबागच्या दक्षिणेचे नागाव ते निराळे.) त्यातून सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेली बाकीच्यांची प्रेते नवगावला पुरण्यात आली. पुरुषांची एका जागी आणि स्त्रियांची दुसऱ्या जागी. आज तेथे या पूर्वजांच्या स्मरणार्थ स्तंभ उभा आहे आणि भोवती पिढ्यान्‌पिढ्यांच्या कबरी आहेत. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी ही घटना इ. स. पूर्व १७५ च्या सुमाराची मानली. त्यांनी आपला इंग्रजी इतिहास १८९७ मध्ये लिहून पुरा केला; छापून निघाला तो १९३७ मध्ये, तेल अवीवला.

गलबत फुटले त्या दिवसाचा कागद कोणाजवळच नाही. पण वाचलेली माणसे येथलीच झाली, हे काही कागदावाचून अडत नाही. त्यांनी घाणे घातले, तेल काढले. शनिवारी मात्र घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. गावोगाव पांगले तशी त्यांची आडनावेही गावांवरून पडली. किहीमचे केहिमकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, चौलचे चेऊलकर, झिराडचे झिराडकर. मूळची इब्री नावेही मराठी वळणाची झाली. सॅम्युएलचा समाजी झाला, एलियाहूचा एलोजी, मोशेचा मुसाजी. जुन्या हिंदी चित्रपटांचे शौकीन असतील त्यांना डेव्हिड आठवत असतील. ते मूळचे डेव्हिड अब्राहाम चेऊलकर. मुंबईचे १९३७-३८ चे महापौर डॉ. ई. मोझेस यांचे नाव वरळीच्या रस्त्याला आहे. तेही याच समाजाचे.

अठराव्या शतकात ही मंडळी मुंबईला येऊ लागली. समाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझेकिएल दिवेकर, यांनी १७९६ मध्ये मांडवी भागात समाजाचे मुंबईतील पहिले सिनेगॉग बांधले. बेने इस्रायल त्याला साध्या बोलीत ‘जुनी मशीद’ म्हणत. पुढे १८४६ मध्ये वल्हांडणाच्या सणाची पोथी इब्री आणि मराठी अशी शिळाछापावर निघाली. जोसेफ इझेकिएल राजपूरकर यांनी प्रार्थनांची कितीतरी पुस्तके मराठीत आणली. बायबलातील कथांवर चक्क मराठी कीर्तने रचली गेली आणि टाळ-मृदंगाच्या साथीत ती रंगली. असा हा समाज. धर्म इब्री, पण सुखदुःखाची भाषा मराठी. आणि माणसाच्या अखेरच्या दगडावरही तीच भाषा.

दगडांची भाषा

या दफनभूमींत अगदी जुन्या कबरींवर अक्षर नाही. जवळपासचा काळा दगड आणून खूण म्हणून ठेवलेला, एवढेच. मग अक्षरे येतात. अव्वल इंग्रजीनंतरच्या काळात एकाच दगडावर मराठी आणि इब्री शेजारी नांदू लागतात, काही ठिकाणी इंग्रजीही. वरच्या ओळीत ‘येथे पुरले आहे’ या अर्थाची इब्री अक्षरे; शेवटी आशीर्वचनाची पाच आद्याक्षरे. मध्ये मराठीत नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, गाव, वय आणि मरणाची तारीख. पुष्कळ बेने इस्रायल मुंबई इलाख्याच्या फौजेत होते. पेन्शन घेऊन गावी परतलेल्या सुभेदार-जमादारांचे हुद्देही दगडावर मोठ्या अभिमानाने येतात.

तारखेची गंमत सांगण्यासारखी आहे. इब्री लिपीत प्रत्येक अक्षराला आकड्याची किंमत असते. ‘ताव’ म्हणजे ४००, ‘रेश’ म्हणजे २०० आणि ‘हेत’ म्हणजे ८. ही तीन अक्षरे दिसली की बेरीज ६०८. त्यामागचे पाच हजार लिहिण्याची पद्धत बहुधा नसते, म्हणजे साल झाले ५६०८. त्यातून ३७६० वजा केले की १८४८. पण त्यांचे नवे वर्ष आपल्या भाद्रपद-आश्विनाच्या सुमारास लागते. म्हणून मृत्यू त्या नव्या वर्षारंभापासून डिसेंबरअखेरपर्यंतचा असेल, तर आणखी एक वजा करून १८४७ धरायचे. शकातून इसवी सन काढणाऱ्याला हे मुळीच अवघड नाही.

अवघड आहे ते निराळेच. इब्रीतील ‘दालेत’ आणि ‘रेश’ ही अक्षरे दिसायला जवळजवळ सारखी. पण एकाची किंमत ४ आणि दुसऱ्याची २००. ‘हे’ आणि ‘हेत’ यांचेही तसेच. एक ५ आणि दुसरे ८. कोपऱ्याचा एवढासा टवका उडाला की माणूस तीन वर्षे आधी तरी मरतो, नाही तर नंतर तरी. आणि टवके उडवायला कोकणचा पाऊस समर्थ आहे. चार महिने पाणी, त्यावर शेवाळ, वर खारा वारा. काळा दगड नेट धरतो. संगमरवर मात्र साखरेसारखा झिजत जातो आणि अक्षरांच्या कडा आधी हरवतात. पिंपळाचे रोप फटीत रुजले की दहा-पंधरा वर्षांत दगडाचे दोन तुकडे ठरलेले.

मोकळे झालेले गाव

पाऊस पूर्वीही होताच. मग आजच एवढी घाई कशाची? तर दगड वाचणारी आणि सावरणारी माणसे आता गावात नाहीत म्हणून.

१९४८ मध्ये इस्रायलचे राज्य स्थापन झाले, त्या सुमारास आपल्याकडे बेने इस्रायल वीस हजारांच्या आसपास होते. पुढच्या दोन-तीन दशकांत बहुतेक तिकडे गेले. येथे त्यांना कोणी छळले नव्हते, हे ते आजही आवर्जून सांगतात. ओढ होती ती हजारो वर्षे प्रार्थनेत घोळवलेल्या भूमीची. आज साऱ्या भारतात मिळून यहुदी चार-पाच हजारांच्या घरात असतील, आणि त्यांतले बहुतेक मुंबई-ठाण्याकडे. अलिबागच्या इस्रायल आळीत १८४८ चे सिनेगॉग आहे. पण आसपासच्या कित्येक खेड्यांत आडनाव उरले आहे ते केवळ दगडावर.

तिकडेही त्यांची वाट सोपी नव्हती. १९६२ मध्ये तेथील मुख्य धर्मपीठाने फर्मान काढले की, बेने इस्रायल वधू-वरांचे लग्न लावण्यापूर्वी त्यांच्या मातृकुळाची मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करावी. ज्यांनी शतकानुशतके कोकणात शनिवार पाळला, त्यांनाच आता ‘तुम्ही खरे कोण?’ असा प्रश्न! समाजाने निदर्शने केली, धरणे धरले. अखेर १९६४ मध्ये तेथील सरकारने आणि संसदेने ते सर्वार्थाने यहुदीच आहेत असे स्पष्ट केले. त्या प्रसंगाचा विचार करताना वाटते, एखाद्या गरीब कोकणी तेल्याच्या नातवाला पणज्या-खापरपणज्यांचा लेखी पुरावा दाखवायचा झाला असता, तर त्याने तो कोठून आणला असता? या दगडांवाचून दुसरीकडे तो मिळण्याजोगा फारसा नाहीच.

कबरी गेल्या की काय होते, हे पाहायला कराचीकडे बघावे. मुंबई इलाख्याच्या दिवसांत तेथेही मराठी बोलणारे बेने इस्रायल नोकरीनिमित्त स्थायिक झाले. १८९३ मध्ये त्यांनी सिनेगॉग बांधले. माणसे गेली आणि १९८८ मध्ये ते सिनेगॉगही पाडण्यात आले. आता त्या वस्तीची खूण सांगणारे मुख्यतः मेवाशाह कबरस्तानातील दगडच राहिले आहेत.

एलियाहू आणि एलोजी

गेल्या काही वर्षांत अशा एका तालुक्याच्या गावच्या दफनभूमीत, विश्वस्तांच्या परवानगीने, मी चार-सहा विद्यार्थ्यांना घेऊन दगडांची वही करतो आहे. कार्तिक ते फाल्गुन हा आमचा हंगाम. गवत वाळलेले असते आणि साप-किरडूही दिसून येते. एका रविवारी काम चालले असताना फाटकाशी मोटार थांबली. इस्रायलमधून आलेली ऐंशीच्या घरातील एक आजी आणि बरोबर तिची तरुण नात. आजीने नेसलेली साडी नीटनेटकी आणि मराठी अशी की, आमच्या विद्यार्थिनी तोंडाकडे पाहतच राहिल्या. तिला आपल्या आजोबांची कबर हवी होती. लहानपणी आईबरोबर ती येथे येत असे. खूण म्हणून सांगितली ती एका आंब्याची. आणि तो आंबा केव्हाच पडलेला.

वहीत आम्ही आडनावे लावली होती, त्यामुळे पाच-सहा दगडांवर प्रश्न आला. आजीची नजर अधू, म्हणून वाचायचे काम आम्हां दोघांकडे आले. नात हिब्रूत वाढलेली. तिने वरच्या ओळी भराभर वाचल्या आणि म्हणाली, ‘एलियाहू’. मराठी तिला येत नव्हते. खालच्या ओळी मी वाचल्या. तेथे नाव होते ‘एलोजी’. मला वाटले, दगड दुसऱ्या कोणाचा तरी असावा. नातीलाही तसेच वाटले असावे, कारण ती पुढच्या दगडाकडे वळलीसुद्धा.

आजी मात्र हलली नाही. म्हणाली, “अहो मास्तर, एकच की ते! देवाच्या पुस्तकात एलियाहू आणि घरात एलोजी. माझा आजा तो.”

मग ती तशीच खाली बसली. नातीने पायाशी पडलेला एक खडा उचलून दगडावर ठेवला. कबरीला भेट दिल्याची यहुद्यांची ती खूण. पुष्कळ वेळ कोणी काही बोलले नाही.

त्या दिवशी दगडाचा एक भाग तिने वाचला आणि एक मी. दोन्ही भाग मिळून माणूस एकच, हे सांगणारी मात्र एकटी आजी होती. अशा आज्या आता कितीशा उरल्या? दगड आणखी शंभर वर्षे टिकेल कदाचित. पण एलियाहू तोच एलोजी, हे ज्ञान तितके टिकणार नाही. ते आजच्या आज वहीत उतरले पाहिजे. म्हणूनच दुरुस्तीच्या आधी नोंद, असा माझा आग्रह आहे.

वही कशी करावी

हे काम कोणा पंडिताचेच आहे असे नाही. पदवीच्या वर्गातील मुले ते उत्तम करतात. प्रथम जागेचा कच्चा नकाशा काढायचा आणि प्रत्येक कबरीला ओळीने क्रमांक द्यायचा. तो नकाशावर; दगडावर खडूचा ठिपकाही नको. मग प्रत्येक दगडाचा फोटो समोरून, बाजूंनी आणि आजूबाजूसकट. फोटो घ्यायचा तो सकाळी किंवा उन्हे कलताना, कारण तिरप्या उजेडात झिजलेली अक्षरेही सावली धरतात. भर दुपारी घ्यायचा झाल्यास आरशाने बाजूने कवडसा टाकावा. मोबाईलने आता हे फारच सुकर केले आहे. ठिकाणाचे अक्षांश-रेखांशही त्यावर मिळतात.

मजकूर उतरवताना जसा आहे तसाच उतरवायचा. ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचे नाहीत. आम्हां मराठीच्या मास्तरांना हे फार जड जाते! पण शंभर वर्षांपूर्वीच्या पाथरवटाने जे कोरले, तोच पुरावा. वाचता न आलेल्या जागी टिंबे द्यावीत, तर्क कंसात घालावा. दगड धुवायचा असेल तर साधे पाणी आणि मऊ ब्रश. तारेचा ब्रश, ॲसिड, धुण्याची पूड यांचे नाव काढू नये. हौसेने अक्षरांत तैलरंग भरणाऱ्यांना तर हात जोडून थांबवावे, कारण रंगवणारा ८ चा ६ करून जातो आणि पुढच्या पिढ्या तोच खरा मानतात. फुटलेला दगड सिमेंटने लिंपणेही घातक. सिमेंट पाणी अडवते आणि शेजारचा दगड खाते.

अखेरीस म्हाताऱ्यांना विचारावे. येथे राहिलेल्या चार घरांत आणि तिकडे गेलेल्यांच्या घरांत. इस्रायलात आजही ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक निघते, यावरून तिकडच्या मंडळींचा मराठीवरचा जीव कळावा. आणि वहीच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवाव्या. एक विश्वस्तांकडे, एक ग्रंथालयात, एक तिकडे. एका प्रतीला वाळवी लागायला वेळ लागत नाही.

कुंपण आणि कागद

वहीच्या जोडीला दुसरे एक काम आहे, आणि ते रुक्ष असले तरी टाळता येत नाही. अलिबागकडच्या जमिनीला आज सोन्याचा भाव आहे. समुद्राजवळच्या मोकळ्या जागेकडे बंगल्याच्या दृष्टीने पाहणारे पुष्कळ. अशा वेळी दफनभूमीची जागा सातबाऱ्यावर कोणाच्या नावे आहे, ‘इतर हक्कां’त काय लिहिले आहे, सरकारी मोजणी झाली आहे की नाही, विश्वस्त संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडे नोंद आहे का आणि मयत विश्वस्तांच्या जागी नवी नावे चढली का, हे तपासलेच पाहिजे. यहुदी धर्माप्रमाणे कबर कायमची. ती हलवायची नसते. म्हणजे दगड उचलून वस्तुसंग्रहालयात मांडले की झाले, ही पळवाट येथे नाही. जागा राखली तरच कबर राखली.

कुणी म्हणेल, त्यांची दफनभूमी त्यांनी पाहावी, आपण कशाला? याला उत्तर परदेशातल्या उदाहरणाने देता येते. इंग्रज गेले, तरी दक्षिण आशियातील त्यांच्या कबरींची नोंद ठेवण्यासाठी १९७६ मध्ये लंडनला एक संस्था निघाली आणि तिच्या नोंदी ब्रिटिश लायब्ररीत जमा होतात. खडकीचे युद्ध-स्मशान कॉमनवेल्थचा आयोग आजही आरशासारखे लखलखीत ठेवतो. त्या मागे राष्ट्रे आहेत, कोश आहेत. शनवार तेल्यामागे कोण आहे? २०१६ मध्ये महाराष्ट्र शासनाने यहुद्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, हे चांगलेच झाले. पण हाताने गवत काढणारे आणि अक्षर लावणारे माणूस शासनाच्या ठरावातून निघत नाही.

आणि खरे म्हणजे हा ‘त्यांचा’ आणि ‘आपला’ असा वाद नाहीच. या दगडांवरची भाषा आपली, गावांची नावे आपली, घाण्याचे तेल खाल्ले तेही आपल्याच पणज्यांनी. आक्षीच्या दगडावर कोणत्या जातीच्या माणसाने काय कोरले हे विचारून आपण त्याला मान देत नाही. मराठीचा जुना पुरावा म्हणून देतो. तोच न्याय नवगाव, अलिबाग, पेण, रेवदंड्याच्या दगडांना लावायचा, एवढेच माझे मागणे आहे.

सुट्टीत अलिबागला जाणारी कुटुंबे पुष्कळ. किल्ला पाहून, समुद्रावर भिजून झाले की एक सकाळ राखून ठेवावी. विश्वस्तांना आधी विचारावे, पुरुषांनी डोक्यावर टोपी-रुमाल घ्यावा, कबरीवर पाय पडू देऊ नये. मुलांना एखाद्या दगडावरचे मराठी नाव मोठ्याने वाचायला सांगावे आणि ते वहीत लिहून घ्यावे. निघताना हवे तर एक खडा ठेवावा. ते नाव कोणीतरी शोधत येईल तेव्हा आपली वही त्याच्या उपयोगी पडेल.